सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीतील जुन्या सार्वजनिक वास्तूंच्या दुरवस्थेविषयी आपल्या दैनिकातून वेळोवेळी लिहिले जाते. त्या चर्चेत एका कार्यकर्त्याचा अनुभव नोंदवावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे. नदीकाठच्या आमच्या भागातील एक लहान, कौलारू सभागृह आम्ही परिसरातील रहिवासी मिळून चालवीत आहोत. हे सभागृह एकेकाळी विकासकाच्या हाती जाण्याच्या बेतात होते. ते कसे वाचले, हे सांगताना श्रमदानाच्या उत्साहाइतकेच कंटाळवाण्या कागदपत्रांविषयीही लिहावे लागेल, कारण आमच्या मते शहरातील अशा इतर वास्तूंना खरा धोका तेथेच आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५७ फुटांच्या वर गेली, हे सांगलीकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. सभागृहात व्यासपीठाच्या वरपर्यंत पाणी होते. पाणी ओसरल्यावर प्रत्येक जण आधी आपापले घर धुण्यात गुंतला. सभागृहाची आठवण झाली तेव्हा दाराला कुलूप होते आणि त्याची किल्ली नेमकी कोणाकडे आहे, हे गल्लीत कोणालाच सांगता येईना. अखेर चार ज्येष्ठांना साक्षीला उभे करून कुलूप तोडावे लागले. पुराचा गाळ ओला असेपर्यंत फावड्याने आणि पाण्याच्या माऱ्याने निघतो. एकदा वाळला की फरशीला आणि लाकडाला तो सिमेंटसारखा धरतो. आम्ही पोहोचलो तोवर निम्मा गाळ वाळला होता. जी किल्ली शोधण्यात दिवस गेले, तिची किंमत आम्ही पुढे कित्येक आठवडे गाळ खरवडून मोजली.

आतल्या लाकडी कपाटात संस्थेची जुनी दप्तरे होती. ती लगद्यासारखी झाली होती. आमच्यातील एक निवृत्त शिक्षिका पुढे झाल्या. त्यांनी पानांच्या मध्ये जुन्या वर्तमानपत्रांचे कागद घालून, ते वरचेवर बदलून, उन्हात न ठेवता सावलीत पंख्याखाली ती दप्तरे वाळवली. काही पाने वाचली, बरीच गेली. मात्र जी वाचली, त्यांतूनच आम्हाला पहिल्यांदा कळले की हे सभागृह सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे. तोपर्यंत आमच्यापैकी अनेक जण त्याला महापालिकेची मालमत्ता समजत होते, तर काही जण एका जुन्या घराण्याची. आपल्या दारासमोरची वास्तू कोणाची आहे, हे इतकी वर्षे आम्ही कोणाला विचारलेही नव्हते, याची खंत आजही वाटते.

पुढील एक-दोन वर्षांतच ही जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन तेथे व्यापारी इमारत उभी करण्याची बोलणी चालू असल्याचे कानावर आले. बोलणी करणाऱ्यांची नावे येथे देण्याचे कारण नाही, कारण त्यांतील काहींचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. पडक्या वास्तूचे दुसरे काय करणार, असाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या अधिकृत नोंदीचा, प्रमाणित उतारा काढला. त्यावर विश्वस्त म्हणून ज्यांची नावे होती, त्यांतील बहुतेक जण कधीच दिवंगत झाले होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्तांत झालेला बदल ९० दिवसांच्या आत कळवावा लागतो. त्यालाच आपण बदल अर्ज म्हणतो. आमच्या न्यासात तो एका संपूर्ण पिढीत कोणीही दाखल केलेला नव्हता.

याच कायद्याचे कलम ३६ प्रत्येक गल्लीतील जाणत्या माणसाला माहीत असावे, असे मला मनापासून वाटते. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, बदलणे किंवा बक्षीस देणे, तसेच इमारत वा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे, हे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय कायदेशीर ठरत नाही. आम्ही परिसरातील रहिवाशांच्या सह्यांचे निवेदन घेऊन संबंधितांना भेटलो, कलम वाचून दाखवले आणि असा अर्ज दाखल झालाच तर आम्ही हरकत घेऊ, हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगितले. बोलणी तेथेच थांबली. परंतु ज्या कागदोपत्री गोंधळामुळे जागा देण्यास अधिकृत सही करणारा कोणी उरला नव्हता, त्याच गोंधळामुळे दुरुस्तीसाठी बँकेत खाते उघडण्यासही अधिकृत सही करणारा कोणी नव्हता. विश्वस्तच उरले नसतील तर नवे विश्वस्त नेमण्याची आणि न्यासासाठी योजना, म्हणजे कारभाराची चौकट, ठरवून देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण त्या मार्गाने जाताना तारखा, नोटिसा, हरकती आणि सुनावण्या यांत बराच काळ जातो. आमचाही गेला. या काळात गट टिकून राहिला, तो दर रविवारी सकाळी झाडलोटीच्या निमित्ताने एकत्र येण्यामुळे. हातात झाडू असला की माणसे सुनावणीची पुढली तारीखही निवांतपणे ऐकून घेतात.

दुरुस्तीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पूरपट्ट्यातील अनेक वास्तूंना त्याचा उपयोग होऊ शकेल. सभागृहाच्या भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या आहेत. मागे कोणीतरी सद्हेतूने त्यांना सिमेंटचा गिलावा केला होता. पुराचे पाणी भिंतीत मुरले आणि सिमेंटमुळे त्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. ओल वर वर चढत गेली, लोणा लागला आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागले. आम्ही पुन्हा रंग देण्याच्या तयारीत होतो, परंतु चुन्याचे काम जाणणाऱ्या एका वृद्ध गवंड्यांनी आम्हाला अडवले. त्यांच्या सांगण्यावरून सिमेंटचा गिलावा खरवडून काढला, एक पूर्ण उन्हाळा भिंती उघड्या ठेवल्या आणि मगच मुरवलेल्या चुन्याचा गिलावा केला. विजेचे बोर्ड महापुराच्या पाण्याच्या खुणेच्या वर घेतले. दप्तराचे कपाट माळ्यावर नेले आणि प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची प्रत वेगवेगळ्या भागांतील तीन घरांत ठेवली. या कामासाठी मोठी देणगी कोणाचीही नव्हती. पावतीपुस्तके घेऊन आम्ही दारोदार फिरलो आणि ज्यांची स्वतःची घरे पुरात गेली होती, त्यांनीही वर्गणी दिली. भाजी विकणाऱ्या एका मावशींनी पावतीवर आपले नाव बरोबर लिहिले आहे ना, हे दोनदा विचारले. त्या पावतीचा अर्धा भाग आम्ही जपून ठेवला आहे.

वास्तू उभी राहिल्यावर ती चालवण्याचा प्रश्न आला आणि तो दुरुस्तीपेक्षा अवघड निघाला. पहिल्या काही महिन्यांत आमच्यात मतभेद झाले, दोन चांगले कार्यकर्ते दुरावले. सभागृह ओळखीने दिले जाते, असा आक्षेप आला आणि तो पूर्णपणे खोटा नव्हता. तेव्हा आम्ही बसून नियम लिहून काढले. नोंदवही एकच राहील, ती दप्तरे वाळवणाऱ्या निवृत्त शिक्षिकांकडे असेल आणि आधी नोंदणी करणाऱ्याला आधी जागा मिळेल. बारसे, साखरपुडा, दहाव्याचे जेवण यांसाठी एक दर आणि बचत गट, भजनी मंडळ, रक्तदान शिबिर, शोकसभा यांसाठी नाममात्र दर असेल. जात, धर्म, गल्ली वा पक्ष पाहून दर बदलणार नाही. हे शेवटचे वाक्य लिहिताना बरीच चर्चा झाली, कारण पूर्वी या सभागृहात काही वस्त्यांतील लोक मोकळेपणाने येत नसत, ही वस्तुस्थिती कोणाला तरी प्रथमच उघडपणे बोलून दाखवावी लागली. आज तो नियम दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावलेला आहे आणि त्या वस्त्यांतील तरुण किल्लीच्या पाळीत आहेत. आमच्या सर्व कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

किल्लीची पाळी आठवड्यानुसार बदलते. ज्याची पाळी, त्याने सकाळी अभ्यासिकेसाठी दार उघडायचे, रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद झाला की नाही हे पाहायचे आणि कुलूप लावून वहीत सही करायची. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद होतात, त्यांचे लेखापरीक्षण होते आणि जमाखर्चाचा तक्ता बाहेरच्या फलकावर लागतो. तो तक्ता लागू लागल्यापासून वर्गणी मागायला गेल्यावर दारातून परत पाठवणारे कमी झाले आहेत.

संपादक महोदय, सांगलीला आपण अभिमानाने नाट्यपंढरी म्हणतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने येथे नाटकाचा प्रयोग केला आणि ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून सर्वत्र साजरा होतो. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल याच मातीतले. परंतु राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवणाऱ्या हौशी मुलांना दीड-दोन महिने रोज संध्याकाळी तालमीसाठी जागा कोठे मिळते, याची चौकशी आपण क्वचितच करतो. प्रयोगासाठी नाट्यगृह असते. तालमीसाठी कोणाची तरी गच्ची, शाळेचा व्हरांडा किंवा बंद पडलेले गोदाम शोधावे लागते. आमच्या सभागृहात सध्या दोन गट तालमी करतात. व्यासपीठ लहान आहे, पडदा जुना आहे, तरीही रात्री त्या बाजूने जाताना आतून संवादांचा आवाज आला की पायरीवर क्षणभर थांबावेसे वाटते.

यानिमित्ताने दोन विनंत्या. पहिली नागरिकांना. आपल्या भागात न्यासाच्या मालकीचे सभागृह, वाचनालय किंवा कुस्तीची तालीम असेल, तर त्याचा परिशिष्ट एकचा उतारा आणि प्रॉपर्टी कार्ड काढून पाहावे. विश्वस्तांत हयात किती आहेत, शेवटचा बदल अर्ज केव्हा मंजूर झाला, लेखापरीक्षण कोणत्या वर्षापर्यंत झाले आहे, एवढी माहिती वास्तू सुस्थितीत असतानाच हाती असली पाहिजे. भाडेपट्ट्याची चर्चा सुरू झाल्यावर शोधाशोध करणाऱ्यांची किती दमछाक होते, ते आम्ही अनुभवले आहे.

दुसरी विनंती महापालिकेला. पावसाळ्यापूर्वी आपत्ती व्यवस्थापनाचे नियोजन करताना अशा लहान सभागृहांची प्रभागवार यादी करावी. जी उंच जागी आहेत, तेथे स्थलांतरितांची सोय होऊ शकते. आमच्यासारखी जी पाण्याखाली जातात, ती पूर ओसरल्यावर धान्य, औषधे आणि स्वच्छतेचे साहित्य वाटण्यासाठी सर्वांत जवळची ठरतात. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक होते; पाणी उतरताच दार उघडले गेले, गाळ ओला असतानाच निघाला आणि लगोलग तेथून वाटप सुरू झाले. यासाठी प्रशासनाकडून मोठ्या निधीची अपेक्षा नाही. किल्ली सांभाळणाऱ्या दोन-तीन माणसांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक प्रभाग कार्यालयात नोंदवून घ्यावेत आणि स्वच्छतागृह व पाण्याची टाकी यांच्या दुरुस्तीला हातभार लावावा, इतकेच मागणे आहे.

आमच्या सभागृहाची यंदाची शाकारणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मृग लागण्याच्या आत उरकायची आहे. कौले चाळणारे कारागीर ठरले आहेत, फुटलेल्या कौलांच्या जागी घालायची मंगलोरी कौलेही एका जुन्या वाड्यातून मिळाली आहेत. खालून हातोहात कौले देण्यासाठी आणि पन्हळी साफ करण्यासाठी मात्र दरवर्षी माणसे कमी पडतात. गावभाग आणि आसपासच्या ज्यांना सवड असेल, त्यांनी सकाळी सातला यावे. चहाची व्यवस्था आहे.

आपला नम्र,
एक कार्यकर्ता,
सांगली