जुना फोन ताब्यात घेण्याआधी विचारा

महोदय,
गेल्या महिन्यात मुलीने मला आयफोन घेऊन दिला. दुकानातल्या मुलाने दहा मिनिटांत तो सुरू करून हातात ठेवला. घरी व्हॉट्सॲप उघडलं, तर आत काहीच नाही! माझ्या यजमानांचे शेवटच्या वर्षातले आवाजी निरोप त्यात होते. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. जुन्या अँड्रॉइडवर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप घेऊन, नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच संभाषणं हलवावी लागतात, हे भाचीने सांगितलं. जुना फोन दुकानात दिला नव्हता, म्हणून निभावलं. नव्या फोनातलं सगळं पुसून, दोन्ही फोन चार्जरला लावून बसलो. रात्री अकराला ‘अगं, दूध आलं का?’ ऐकू आलं आणि मला रडू आवरेना.

बाकी मला लागतं ते भीम, बँकेचं ॲप, डिजिलॉकर आणि मराठी कळफलक. भीमसाठी सिम आधी नव्या फोनात हवं, नोंदणीचा एसएमएस त्यातूनच जातो.

विक्रेत्यांनी जुना फोन ताब्यात घेण्याआधी ‘यातलं काय जपायचंय?’ एवढं ग्राहकाला विचारावं, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा