मशीन घ्या, पण आधी ते आपल्या माणसांवर तपासून घ्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,
सविनय नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. मराठीत लिहितो आहे ते इंदूरच्या मराठी मंडळींसाठी. इथल्या दवाखान्यांत, लॅबमध्ये, एक्स-रे विभागांत आमची बरीच माणसे काम करतात आणि हा विषय त्यांच्या रोजच्या कामातला आहे. मी स्वतः एक्स-रे टेक्निशियन होतो, आता निवृत्त आहे.

बॅगेत मावणारे एक्स-रे मशीन, आणि छातीचा फोटो पाहून क्षयाची शंका आहे की नाही हे मिनिटभरात सांगणारे सॉफ्टवेअर, अशी जोडी आता गावोगाव पोहोचते आहे. ७ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत ती वापरली गेली. मला याचा मनापासून आनंद आहे. एका फोटोसाठी पाड्यावरच्या माणसाला मजुरी बुडवून, भाडे खर्चून शहरात यावे लागते आणि रिपोर्टसाठी पुन्हा एक खेप पडते. ती खेप वाचणार असेल तर हे तंत्र यायलाच हवे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली. पण त्यासोबत एक गोष्ट सांगितली आहे, तिकडे आपल्याकडे फारसे कुणी बघत नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोला गुण देते. किती गुणांच्या वर गेला की रुग्ण संशयित धरायचा, तो आकडा ज्या त्या ठिकाणच्या लोकांवर तपासून ठरवायचा असतो. कंपनीने घालून दिलेला आकडा आहे तसा चालवायचा नसतो.

आपल्या भागात हे का महत्त्वाचे, ते सांगतो. झाबुआ, अलीराजपूर, धारकडची आदिवासी माणसे पोटासाठी गुजरातेत जातात. गोधऱ्याच्या बाजूला क्वार्ट्झ दगड भरडण्याचे कारखाने आहेत. तिथली बारीक पांढरी भुकटी छातीत बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. त्या कारखान्यांत काम करून मेलेल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला होता. यातल्या कितीतरी मजुरांवर आधी क्षयाचे उपचार झाले होते.

सिलिकोसिस झालेल्या मजुराचा फोटो व्ह्यू बॉक्सवर लावला की दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गोल ठिपके दिसतात. कधी ते एकमेकांत मिसळून मोठा डाग होतो. क्षयही बहुधा वरच्याच भागात असतो. खोकला, घटलेले वजन, दम लागणे, सगळे सारखेच. थुंकी तपासली तर जंतू सापडत नाहीत, तरी माणूस खंगत जातो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोका जास्त, म्हणजे दोन्ही आजार एकाच छातीत असू शकतात. अशा वेळी जुने डॉक्टर फोटो खाली ठेवत आणि रुग्णाला विचारत, "गुजरात में काम पे गए थे क्या? पत्थर का काम?" निदानाची दिशा त्या एका प्रश्नाने बदलायची. सॉफ्टवेअर फक्त फोटो बघते. ज्या सॉफ्टवेअरला असे फोटो कधी दाखवलेच नाहीत, ते आमच्या मजुरांच्या छातीबद्दल काय सांगेल, हे इथे तपासल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

केंद्राचा परवाना पुरेसा आहे, असे उत्तर मिळेल. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली हा परवाना मिळतो आणि २०२० पासून सॉफ्टवेअरही उपकरणांत मोडते. परवाना हवाच. पण उपकरण सुरक्षित आहे आणि सांगितलेले काम करते, एवढेच त्यातून कळते. झाबुआत ते उपयोगी पडेल का, आणि त्याच पैशात याहून चांगले काही होईल का, हे प्रश्न शिल्लक राहतात.

ते विचारणारी यंत्रणा देशात आहे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली 'हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया' हे काम करते. मोतीबिंदूच्या लेन्सचा त्यांनी असाच हिशेब मांडला. महागड्या, घडी होणाऱ्या लेन्सपेक्षा छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेत बसवायची साधी कडक लेन्स खर्चाच्या मानाने सरस ठरली. नवे आणि महाग ते प्रत्येक वेळी सरस निघेलच असे नाही, आणि हे आकडेमोड करूनच कळते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचेही तसेच. १ जुलै २०२३ ला शहडोलहून, म्हणजे आपल्याच राज्यातून, राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रक्ताच्या स्वस्त सोल्युबिलिटी टेस्टमधून नुसता वाहक (स्वतः आजारी नसलेला, पण आजार मुलांना देऊ शकणारा) कोण आणि आजारी कोण, हे वेगळे होत नाही. नवजात बाळात तर ती भरवशाची नाही. पुढे एचपीएलसी ही रक्ताची पक्की तपासणी लागतेच. किट किती घेतली यापेक्षा पुढच्या तपासणीपर्यंत किती जण पोहोचले, हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

देखभालीबद्दल मात्र मला मनापासून कळकळ आहे. एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात (नाव लिहीत नाही) मी डिजिटल एक्स-रेच्या खोलीवर "मशीन खराब है" असा कागद पाहिला. कागद पिवळा पडला होता. ट्यूब चांगली होती, टेबल चांगले होते. फोटो टिपणारे पॅनेल बिघडले होते, गॅरंटी संपली होती आणि दुरुस्तीचे बिल कुणी मंजूर करायचे हे ठरत नव्हते. रुग्ण बाजारातल्या खाजगी सेंटरवर पैसे मोजत होते. देशभरच्या सरकारी रुग्णालयांतील उपकरणांची मोजदाद झाली तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली होती. त्यानंतर देखभालीचा केंद्रीय कार्यक्रम आला आणि जिल्हा रुग्णालयातली उपकरणे ९५ टक्के वेळ चालू असली पाहिजेत अशी अट आली. नव्या खरेदीत पॅनेल, बॅटरी, सॉफ्टवेअरचे दरवर्षीचे शुल्क आणि चालवणारा माणूस, हा सगळा खर्च पहिल्याच दिवशी टेंडरमध्ये धरावा.

माझी मागणी अशी. क्षयाच्या सॉफ्टवेअरची पुढची खरेदी करण्याआधी त्याची परीक्षा इंदुरात घ्या. एम.वाय. आणि मनोरमाराजे टीबी हॉस्पिटलमध्ये पश्चिम मध्य प्रदेशातले रुग्ण येतात. थुंकीच्या ट्रूनॅट किंवा सीबीनॅट तपासणीत (या जंतूची जनुके शोधतात) पक्का ठरलेला क्षय, पक्का सिलिकोसिस, दोन्ही असलेले आणि निरोगी, अशा चारही प्रकारचे फोटो नावे काढून एकत्र करा. निवड एम.जी.एम. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी करावी, कंपनीच्या माणसाने नव्हे. तेच फोटो प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरला द्या. कुणी किती रुग्ण हुकवले, किती निरोगी माणसांना संशयित ठरवले, ते हिंदीत लिहून सर्वांना बघता येईल असे जाहीर करा. नापास झालेल्याचेही जाहीर करा. एखाद्या जिल्ह्याच्या खरेदीच्या मानाने याला खर्च फार नाही.

आणि एक काम या परीक्षेची वाट न बघता होऊ शकते. तपासणी शिबिराच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा : दगड भरडण्याच्या किंवा धुळीच्या कामावर गेला होता का, कुठे, किती वर्षे. ज्याचे उत्तर 'हो' येईल त्याचा फोटो सॉफ्टवेअरने काहीही म्हटले तरी छातीच्या डॉक्टरांनी पाहावा. निदान बरोबर झाले तर नको ती औषधे टळतील आणि नुकसानभरपाई मागायला त्या माणसाच्या हातात कागद असेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन
रामबाग, इंदूर