लिअरी कॉन्स्टंटाइनला विसरलात राव!

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला वेस्ट इंडिजच्या ऑलराउंडर्सवरचा लेख वाचला, सोबर्स, होल्डर, ब्राव्हो सगळे आहेत पण लिअरी कॉन्स्टंटाइनचं नावसुद्धा नाही. कारण उघड आहे, आकडे बघून यादी केली की हा माणूस गळतोच. १८ टेस्ट, ६३५ रन, सरासरी १९ च्या आसपास आणि ५८ विकेट, एवढ्यावर आज आयपीएलच्या ऑक्शनमध्ये कोणी पॅडल वर करणार नाही.

पण १९२८ ची लॉर्ड्सवरची मिडलसेक्स या इंग्लिश काउंटी टीमविरुद्धची मॅच बघा. वेस्ट इंडिज ५ बाद ७९ असताना हा आला आणि तासाभराच्या आत ८६ ठोकले, मग ५७ रनमध्ये ७ विकेट काढल्या, आणि २५९ चा पाठलाग करताना पुन्हा निम्मी टीम तंबूत गेलेली असताना तासाभरात १०३. त्यातला एक ड्राइव्ह अडवताना बॉलर जॅक हर्नचं बोट असं दुखावलं की त्याचा सीझनच संपला! मॅच ३ विकेटनी जिंकली. फिल्डिंगचं तर बोलायलाच नको, आणि ते कुठल्या सरासरीत दिसणार?

त्रिनिदादमध्ये वकिलाच्या ऑफिसात कारकुनी करणाऱ्या या कृष्णवर्णीय पोराला तिथे पुढे वाव नव्हता, म्हणून १९२९ ला तो इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या नेल्सन गावी तिथल्या क्लबचा प्रोफेशनल, म्हणजे पगारी खेळाडू म्हणून गेला. तो होता त्या ९ सीझनमध्ये नेल्सनने ७ वेळा लँकेशायर लीग जिंकली. (तो गेल्यावर त्याच क्लबात आपले लाला अमरनाथ खेळले, हेही लेखात चाललं असतं.)

मला सगळ्यात भारी वाटते ती १९४३ ची भानगड. लॉर्ड्सवर मॅच खेळायला आलेला हा माणूस, लंडनच्या इम्पिरियल हॉटेलात चार रात्रींचं बुकिंग, बायको-मुलगी सोबत, आणि काउंटरवर सांगितलं एकच रात्र राहा, कारण काय तर अमेरिकन गोऱ्या पाहुण्यांना चालणार नाही. बरं, तेव्हा तो ब्रिटिश सरकारच्याच नोकरीत होता, वेस्ट इंडियन कामगारांचा वेल्फेअर ऑफिसर! त्याने सरळ केस टाकली आणि १९४४ ला जिंकली. भरपाई फक्त ५ गिनी (म्हणजे पाच पौंडांहून जरा जास्त), पण तेव्हा वर्णभेदाविरुद्ध असा कायदाच नव्हता हे लक्षात घ्या, हॉटेलवाल्याला प्रवाशाला योग्य कारणाशिवाय खोली नाकारता येत नाही, या जुन्या इंग्लिश नियमावर केस उभी होती.

पुढे पन्नाशी उलटल्यावर बॅरिस्टर, त्रिनिदादमध्ये मंत्री, लंडनमध्ये त्रिनिदादचा हाय कमिशनर, १९६९ ला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये. तिथे घेतलेल्या किताबात मरावल आणि नेल्सन अशी दोन्ही गावं आहेत, एक त्रिनिदादचं, एक लँकेशायरचं.

१ जुलैला त्याची पुण्यतिथी असते (१९७१ ला गेला). त्या दिवशी निदान अर्धं पान द्या आणि मिडलसेक्सच्या मॅचचं स्कोअरकार्ड छापाच, आमच्या कट्ट्यावरच्या अर्ध्या लोकांना ते खोटं वाटणार आहे.

आपला,
एक जुना वाचक