दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी आईचीही विचारपूस व्हावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खोकताना-शिंकताना लघवी गळणे, ओटीपोटात ओढ लागणे, अंग बाहेर येणे या तक्रारी आपल्या घरांत ‘बाळंतपणानंतर एवढे व्हायचेच’ असे म्हणून मिटवल्या जातात. मीही तेच ऐकून चार वर्षे गप्प राहिले. पुढे मोबाईलवर पाहून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याचे व्यायाम मनानेच सुरू केले, तर गळणे थांबले नाहीच, उलट माकडहाडापाशी दुखू लागले. एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी तपासल्यावर उलगडा झाला. माझे स्नायू सतत आवळलेले राहून थकले होते आणि त्यांना आधी सैल होणे शिकवायला हवे होते.

हे स्नायू पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असून मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तोलून धरतात. श्वास घेताना ही झोळी किंचित खाली येते आणि सोडताना वर उचलली जाते; त्यामुळे श्वास कोंडून वजन उचलणे, जुना खोकला, बद्धकोष्ठता आणि मनावरचा ताण या सगळ्यांचा भार तिच्यावर पडतो. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले आवळण्याचे व्यायाम आजही उपयोगी आहेत, पण ते कोणी आणि कधी करायचे हे तपासणीनंतरच ठरायला हवे. ताईंनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. पाणी, चहा, झोप, शौचाची सवय, सिझेरियनचा व्रण यांची चौकशी केली, काही आठवडे केवळ संथ श्वास शिकवला आणि शौचाला बसताना पायांखाली पाट घ्यायला सांगितला. त्यानंतर तीन महिने स्नायू बळकट करण्याचे व्यायाम झाले आणि मला गुण आला. (प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हा उपचार लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.)

द्राक्षहंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत क्रेट उचलणाऱ्या बायका आडोसा नाही म्हणून पाणी कमी पितात आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. त्यांच्या हाती नुसता व्यायामाचा कागद देऊन काय होणार? बागेजवळ शौचालय असणे हाही त्यांच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे. फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनींना प्रशिक्षित अध्यापिकांसोबत ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस पाठवण्याचा विचार विद्यापीठाने आणि जिल्हा आरोग्य विभागाने करावा. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीसाठी आई केंद्रावर येतेच. त्या दिवशी बाळाचे वजन झाल्यावर परिचारिकेने तिला बाजूला घेऊन एवढेच विचारावे, ‘लघवी गळते का? खाली जड वाटते का?’

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड