आतडं जागं होईपर्यंत

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काकूंच्या ऑपरेशनला आज तिसरा दिवस. काल फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतास, ‘अजून गॅस का सुटला नाही?’ घाईत तोंडी सांगण्यापेक्षा नीट लिहून पाठवतो, म्हणजे रात्री सोबतीला थांबणाऱ्या ताईलाही वाचता येईल.

पोट उघडून आतडं हाताळलं की ते काही काळ हालचाल थांबवतं. त्याच्या भिंतीला सूज येते, आणि शरीरावर आलेल्या ताणामुळे आतड्याला ‘थांब’ सांगणाऱ्या नसा जोरात असतात. जागं होण्याचा क्रमही ठरलेला आहे. लहान आतडं साधारण २४ तासांत, जठर २४ ते ४८ तासांत आणि मोठं आतडं ४८ ते ७२ तासांत चालू लागतं. वारा सरतो तो मोठं आतडं चालू झाल्यावर. काकूंच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढून लहान आतडं उरलेल्या भागाला जोडलंय, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत वाट पाहणं नेहमीचंच. पाचवा दिवस उलटूनही काही हालचाल नसेल तर मात्र कारण शोधावं लागतं. पोटात गुडगुड ऐकू आली म्हणून सगळं सुरळीत झालं असंही धरू नकोस. तो आवाज बहुधा लहान आतड्याचा असतो.

उशीर लावणाऱ्या काही गोष्टी डॉक्टरांना विचारण्यासारख्या आहेत. ट्रॅमाडॉल, फेंटानिल, मॉर्फिन ही वेदनाशामकं आतड्याला झोपवतात. म्हणून वेळेवर पॅरासिटामॉल देऊन त्यांचा डोस कमी करता येईल का, ते विचार. पण दुखणं सोसायला लावू नकोस. दुखत असेल तर त्या उठणारही नाहीत आणि खोल श्वासही घेणार नाहीत. रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी असलं तरी आतडं सुस्त पडतं. पोटॅशियम ४ च्या आसपास हवं. सलाइन गरजेपेक्षा जास्त गेलं तर आतड्याची सूज वाढते. ‘अजून एक बाटली लावा’ असा आग्रह नातेवाइकांनी करू नये तो यासाठीच.

तुमच्या हातात आहे ते असं. दिवसातून चार-पाच वेळा त्यांना खुर्चीत बसवा आणि वॉर्डात चालवा, सुरुवातीला दहा-वीस पावलंही पुरे. चालल्यानं गॅस लगेच सुटेलच असं नाही, पण पायात रक्ताची गाठ होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका कमी होतो. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र जागेपणी तासाला दहा वेळा ओढायचं. खोकताना उशी पोटावर घट्ट धरायची. डॉक्टर हो म्हणाले तर बिनसाखरेचं च्युइंगम दिवसातून तीनदा, १५-२० मिनिटं चघळायला द्या. चघळलं की आतड्याला जेवण येतंय असं वाटतं. काकूंची कवळी सैल असेल तर हा प्रकार नको.

पाणी सुरू करायला सांगितलं की घोट घोट, तासाला ३०-५० मिली. ते पचलं की डाळीचं पाणी, पातळ पेज, मग मऊ भात. मळमळ झाली की थांबायचं. पोट फुगलंय, उचकी थांबत नाही, हिरवी उलटी होतेय, अशा वेळी नाकातून नळी घालायचं ठरलं तर नाही म्हणू नका. साठलेलं पाणी उलटीवाटे फुप्फुसात गेलं तर ते फार वाईट.

आता सर्वात महत्त्वाचं. गॅसपेक्षा जास्त लक्ष इकडे दे: आजचा दिवस कालच्यापेक्षा बरा आहे की नाही? आतड्याचा जोड गळायचा असेल तर तो बहुतेक वेळा तिसऱ्या ते सातव्या दिवसात गळतो, आणि सुरुवात गाजावाजा न करता होते. नाडी १०० च्या वर राहते, ताप चढतो, श्वास वेगानं होतो, लघवी कमी होते, आदल्या दिवशी खाणारं माणूस ताट सारतं, म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागतं. ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीत मळकट, दुर्गंधीचं पाणी दिसतं. पण ड्रेन स्वच्छ आहे म्हणून जोड शाबूत, असं मात्र नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी (रक्तातली सूज-संसर्ग दाखवणारी तपासणी) १५० मिग्रॅ/लिटरच्या वर असेल तर डॉक्टर सीटी स्कॅनचा विचार करतात. तेव्हा ‘कशाला खर्च’ म्हणू नकोस. गॅस सुटून, खाणं सुरू होऊन मग पुन्हा सगळं थांबलं आणि पोटात कळा येऊ लागल्या, तर आतडं अडकल्याची शंका घ्यायची. नुसत्या सुस्त आतड्यात पोट फुगतं, पण अशा कळा सहसा नसतात.

घरी आल्यावर थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायला द्या. कच्ची कोशिंबीर, मोडाची कडधान्यं, सुकं खोबरं, मक्याचं कणीस चार-सहा आठवडे नको. उजवा भाग काढल्यावर काही काळ रोज तीन-चार पातळ जुलाब होणं अपेक्षित असतं, त्यानं घाबरू नका. पण चक्कर, कोरडी जीभ किंवा रक्त दिसलं तर दाखवा. बद्धकोष्ठ झालं तर शेजाऱ्यांनी सुचवलेलं एरंडेल किंवा एनिमा अजिबात नको, सर्जनला विचारूनच औषध. सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही: भरलेली बादली नाही, सिलिंडर नाही, नातवंडंही नाहीत.

पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास जखमेतून एकदम गुलाबी पाणी वाहू लागलं तर आतले टाके सुटत असण्याची शक्यता असते. काकूंना गुडघे दुमडून आडवं करा, जखमेवर निर्जंतुक गॉज सलाइननं भिजवून ठेवा, आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलू नका, तोंडानं काही देऊ नका आणि थेट दवाखाना गाठा.

उद्या सकाळी राऊंडनंतर नाडी, ताप, २४ तासांची लघवी आणि पोटॅशियम, एवढे चार आकडे लिहून पाठव.

तुझा,
श्रीकांत