घरपोच पत्राचे वेगळे पैसे

महोदय,
रविवारच्या पुरवणीत ‘अमेरिकेतील पहिले टपाल तिकीट १८४७चे’ असे वाचले. देशभर चालणाऱ्या सरकारी तिकिटांपुरते ते बरोबर. पण न्यूयॉर्कच्या खासगी ‘सिटी डिस्पॅच पोस्ट’ने फेब्रुवारी १८४२मध्येच वॉशिंग्टनच्या चेहऱ्याचे तीन सेंटांचे तिकीट काढले होते. ऑगस्टमध्ये सरकारने ती सेवाच विकत घेतली! त्या काळी टपालखर्चात पत्र पोस्टापर्यंतच पोहोचे. घरपोच हवे तर सेंट-दोन सेंट वेगळे. १ जुलै १८६३पासून मोठ्या शहरांत ते बंद झाले.

माझ्याकडे याच वेगळ्या पैशांसाठीचे, १८५१च्या धाटणीचे गरुडाचे निळे, एक सेंटाचे तिकीट आहे. छिद्रे नाहीत, उजवीकडे कात्री तिरकी गेलेली, मागे गोंद नाही. बहुधा १८७५चे पुनर्मुद्रण. अस्सल तिकीट लावलेला लिफाफा पेन्शनीत बसत नाही.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे