सूचना : बोअर करण्याआधी पिस्टन हातात घ्या

सर्व सभासदांना नमस्कार. पावसाळ्याआधी बऱ्याच जणांनी येझदी, राजदूत, आरएक्स १०० या जुन्या मोटरसायकली कामाला काढल्यात, म्हणून कळकळीनं सांगतोय.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपात सिलिंडर बोअरला (म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करायला) टाकण्याआधी ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा थोडा मोठा, पिस्टन आणि त्याच्या रिंगा मिळवा. त्या पिस्टनच्या मापानंच मिस्त्रींना बोअर करू द्या. आधी बोअर केलं आणि त्या मापाचा पिस्टन मिळालाच नाही, तर चांगला सिलिंडर हकनाक अडकून पडतो. म्हैसूरची जुनी येझदी १९९६ लाच बंद झाली. दुसरा सिलिंडर सहजासहजी मिळत नाही.

इंजिन उघडलंच आहे तर क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील (तेल आणि हवा अडवणाऱ्या रबरी रिंगा) बदलाच. येझदीचा क्लचकडचा सील गेला की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि लोक उगाच कार्ब्युरेटर खोलत बसतात. दुसऱ्या बाजूचा गेला तर हवा शिरते, इंजिन तापतं, पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो.

पार्ट हवा असेल तर मॉडेल, साल आणि जुन्या पार्टचा मापपट्टीसह फोटो ग्रुपवर टाका. काढलेलं मूळ सामान भंगारात अजिबात घालू नका, आधी इथं विचारा. आणि रंगकामावेळी चासी नंबर घासला जाणार नाही, हे स्वतः उभं राहून बघा. आरसी नूतनीकरणाला तोच तपासतात.